चौकटीतील गंमत

वर्तमानपत्र हाती पडल्यावर शहाण्या माणसाने आधी अग्रलेख वाचावा असा संकेत आहे. आम्ही आधी चौकट वाचतो. पानाच्या एखाद्या कोपऱ्यात, चारी बाजूंनी रेघा ओढून, संपादक जी एखादी विचित्र किंवा गमतीची बातमी घालतात, तिच्याविषयी आम्ही बोलत आहोत. कुठे वराची घोडी वरातीतून उधळते. कुठे सरकारदप्तरी मृत ठरलेला इसम स्वतःच्या हयातीचा दाखला मागण्यासाठी कचेरीत उभा राहतो. दिवसभर कज्जे-खटल्यांची कागदपत्रे वाचणाऱ्या माणसाला ही चौकट जेवणानंतरच्या विड्यासारखी वाटते. अशी कात्रणे चिकटवलेली आमची एक वही आहे. हल्ली वर्तमानपत्राबरोबर मोबाईलच्या पडद्यावरूनही हा माल येतो, तोही आम्ही उतरवून घेतो. हा छंद पोरकट आहे हे आम्हांला घरातून वेळोवेळी ऐकावे लागले आहे.

या वहीतील एका कात्रणाची समीक्षा करावी असे मनात आहे. नाटकांची आणि कादंबऱ्यांची समीक्षा या पानांवर नेहमी होते. परंतु ज्या लिखाणाला रोज सर्वांत अधिक वाचक मिळतो, त्याची समीक्षा सहसा कोणी करीत नाही. चौकटीतील बातमी हाही एक वाङ्मयप्रकार आहे. त्याची रचना ठरलेली असते, त्याचा रस ठरलेला असतो, आणि म्हणून त्याचे गुणदोषही सांगता येतात.

कात्रण २०२२ च्या डिसेंबरातील आहे. महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्या सीमेवर एक घर आहे; त्या घरातून दोन राज्यांची सीमा जाते; चार खोल्या एका राज्यात, चार दुसऱ्या राज्यात; स्वयंपाकघर तेलंगणात. घरात बारा-तेरा माणसे. ती दोन्ही राज्यांना कर भरतात आणि दोन्ही राज्यांच्या योजनांचा लाभ घेतात. बातमीचा सारांश एवढाच. देशभरच्या वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणी वाहिन्यांनी ती उचलून धरली. स्वयंपाक एका राज्यात आणि झोप दुसऱ्या राज्यात, अशा आशयाचे मथळे झळकले. आम्हीही हसलो, कात्री घेतली आणि बातमी वहीत चिकटवली.

त्या दिवशी चहाच्या वेळी आम्ही ती मोठ्याने वाचून दाखवली. सारी मंडळी हसली. आमच्या मातोश्री तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी कपबशी खाली ठेवून विचारले, “आनी शेत कोणाच्या नांवार आसा?”

शेत कोणाच्या नावावर आहे, हे बातमीत नव्हते. वकील असूनही तो प्रश्न आम्हांला सुचला नाही, आणि ज्यांचा जन्म कुळांच्या आणि खंडांच्या गोष्टी ऐकण्यात गेला त्या बाईला तो सुचला. आमच्या समीक्षेचा आरंभ तिथून झाला.

विनोदाची परीक्षा करताना दोन जुन्या आचार्यांचा आधार घेता येतो. ॲरिस्टॉटलने हास्यास्पद गोष्टीची जी व्याख्या केली, तिच्यात एक अट आहे: ते व्यंग किंवा ती चूक कोणाला पीडा देणारी किंवा घात करणारी नसावी. आपल्या भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आणि ते माणसांच्या प्रतीप्रमाणे वाटून दिले. स्मित आणि हसित उत्तमांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. म्हणजे एकाने विचारले की हसण्यासारखे काय आहे, आणि दुसऱ्याने विचारले की हसणारा कोण आहे. चौकटीतील बातमीला हे दोन्ही प्रश्न लावले पाहिजेत.

मराठी विनोदाचा वारसाही हेच शिकवतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ रूढींना हसले. रूढीखाली चिरडलेल्या माणसांना हसले नाहीत. चिं. वि. जोशांचा चिमणराव आपली फजिती आपल्याच तोंडाने सांगतो, म्हणून आपण त्याच्याबरोबर हसतो. हसणारा आणि हास्याचा विषय यांच्यामध्ये तिथे भिंत नसते.

आता त्या घराच्या प्रदेशाकडे वळू. तो प्रदेश म्हणजे आदिलाबादचा डोंगरपट्टा; आणि विचित्र गोष्टींचा छंद असणाऱ्या माणसाला आदिलाबाद जिल्ह्याइतका संपन्न जिल्हा शोधून सापडणार नाही.

पहिली गंमत नावाची. विजापूरच्या आदिलशहावरून हे नाव पडले असे सांगतात. निजामाच्या अमदानीत गावाला एदलाबाद म्हणत. पण जळगाव जिल्ह्यातील आजचे मुक्ताईनगरही पूर्वी एदलाबादच होते. एकाच नावाची दोन गावे, दोन्ही मराठी बोलणाऱ्यांच्या वाटेवर. जुने दस्तऐवज चाळणाऱ्याला कोणते एदलाबाद ते आधी पाहून घ्यावे लागते.

दुसरी गंमत आगगाडीची. आदिलाबादहून तेलंगणाच्या राजधानीकडे रेल्वेने निघालेला प्रवासी आधी तेलंगणातून बाहेर पडतो. किनवट, हिमायतनगर, भोकर, मुदखेड असा महाराष्ट्रातून मोठा वळसा घेऊन, धर्माबाद ओलांडून, बासरला तो पुन्हा आपल्या राज्यात येतो. सडकेने जाणारा निर्मळवरून सरळ दक्षिणेस जातो. राज्याच्या एका टोकाहून राजधानीला जाण्यासाठी शेजारच्या राज्यातून जावे लागावे, हे कागदावर विनोदी दिसते. पण गाडीत बसलेल्याला त्याचे काही वाटत नाही, कारण तिकीट एकच असते.

तिसरी गोष्ट आमच्या वाचकांना अधिक जवळची आहे. गोदावरीच्या काठी बासर येथे श्रीज्ञानसरस्वतीचे मंदिर आहे. मुलांच्या हाती प्रथम पाटी-पेन्सिल देण्यासाठी तिथे आईबाप दुरून येतात. वसंतपंचमीला तर उभे राहायलाही जागा मिळत नाही. १९५६ पर्यंत हे बासर नांदेड जिल्ह्यात, मुधोळ तालुक्यात होते. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात आदिलाबादकडे गेली आणि त्यांच्याबरोबर देवीही गेली. २०१४ साली ती तेलंगणाची झाली. २०१६ च्या ऑक्टोबरात आदिलाबादचे चार जिल्हे करण्यात आले, तेव्हा ती निर्मळ जिल्ह्यात आली. देवी जागची हलली नाही आणि तिचा पत्ता तीन वेळा बदलला. कुटुंबातील एका मुलाच्या अक्षरारंभासाठी आम्ही बासरला गेलो होतो. शेजारी मराठी बोलणारे एक कुटुंब, पलीकडे तेलुगू बोलणारे. पाट्यांवर अक्षरे दोन लिप्यांची, आणि रडणे मात्र सर्व मुलांचे एकाच भाषेतले.

या तिन्ही गमती ॲरिस्टॉटलच्या अटीत बसतात. त्यांपासून कोणाचा घात होत नाही. नावाचा घोळ, गाडीचा वळसा, देवीचा बदललेला जिल्हा यांवर खुशाल हसावे. अशा गोष्टी चौकटीत जरूर याव्यात. त्यांनी प्रदेशाची ओळख होते आणि वाचकाचा दिवस बरा जातो.

ते दोन राज्यांतले घर त्यांच्याच पंक्तीला बसवण्यात आले. ते तिथे बसते का, हा प्रश्न आहे.

१९५६ च्या कायद्याने जसे मुधोळ तिकडे दिले, तसे आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ इकडे, तेव्हाच्या मुंबई राज्याला दिले. राजुरा पुढे चांदा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला जोडले गेले, आणि आजचा जिवती तालुका त्या राजुऱ्यातूनच निघाला. आता विचार करावा. १९५६ च्या ऑक्टोबरअखेर राजुरा आणि आसिफाबाद हे एकाच जिल्ह्याचे दोन तालुके होते. त्यांच्यामधली हद्द ही दोन पटवाऱ्यांमधली हद्द. डोंगर आणि जंगल यांतून ती नेमकी कुठून जाते, याची कोणाला फारशी निकड नव्हती. कारण दोन्ही बाजूंचा सारा एकाच खजिन्यात जात होता. दुसऱ्या दिवशी ती दोन राज्यांची सीमा झाली. कायद्याने ‘राजुरा तालुका’ हे शब्द दिले. राजुरा कोणत्या टेकडीवर संपतो हे त्या शब्दांत नव्हते.

त्या अनिश्चित पट्ट्यात जी गावे वसली, त्यांची संख्या मराठी वृत्तपत्रे चौदा सांगतात, इंग्रजी वृत्तपत्रांत ती कधी बारा असते. परमडोली, परमडोली तांडा, मुकदमगुडा, अंतापूर, भोलापठार, पद्मावती, नारायणगुडा ही त्यांपैकी काही नावे. महाराष्ट्राच्या दप्तरात ती जिवती तालुक्यात. तेलंगणाच्या दप्तरात ती केरामेरी मंडलात, म्हणजे पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात आणि २०१६ नंतर कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात. वस्ती मुख्यतः मराठवाड्यातून पोटासाठी डोंगरावर आलेल्यांची, शिवाय गोंड आणि इतर आदिवासींची. अनेक वर्षे या गावांत दोन राज्यांच्या दोन शिधापत्रिका, दोन ग्रामपंचायती, दोन सरपंच, एक मराठी शाळा आणि एक तेलुगू शाळा, आणि दोन मतदारयाद्या असा प्रकार चालत आला. त्या गावांत आम्ही गेलेलो नाही. आमचा विषय ती गावे नसून त्यांच्यावर लिहिलेली चौकट आहे. मात्र चौकटीत जे सांगितले ते कायद्याच्या कसोटीवर घासून पाहणे हे आमच्या धंद्यातले काम आहे.

चौकटीचा सूर असा की या माणसांना सर्व काही दुप्पट मिळते. त्या सुरात हसण्याबरोबर थोडी असूयाही असते. आपण एका शिधापत्रिकेसाठी खेटे घालतो आणि यांना दोन! आपल्याला एक आमदार भेटत नाही आणि यांच्या दारी दोन!

मताचेच पाहू. लोकप्रतिनिधित्वाचे दोन कायदे आहेत, एक १९५० चा आणि दुसरा १९५१ चा. पहिल्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे कोणाचेही नाव एकाहून अधिक मतदारसंघांच्या यादीत नोंदले जाता कामा नये. दुसऱ्याच्या बासष्टाव्या कलमातील तिसरे पोटकलम त्याहून कडक आहे. सार्वत्रिक निवडणुकीत एकाच वर्गातील एकाहून अधिक मतदारसंघांत जो कोणी मत देईल, त्याची त्या सर्व ठिकाणची मते रद्द समजावीत, असे ते सांगते. पहिले धरावे आणि दुसरे सोडावे असे नाही, सर्व रद्द. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला झाले आणि आदिलाबादचे १३ मे रोजी. मध्ये चोवीस दिवस होते. त्या दिवसांत या गावांतील माणूस दोनदा मतदान करू शकतो, ही गंमत पुन्हा एकदा चौकटीत आली. त्याने दोनदा मतदान केले तर कायद्याच्या हिशेबी त्याने एकदाही केले नाही, हे त्या चौकटीत आले नाही. अंकगणितात एक आणि एक दोन होतात. या कलमात एक आणि एक शून्य होतात.

दोन यादींत नाव त्याने स्वतः लिहिले नाही, हेही लक्षात घ्यावे. दोन्ही याद्या एकाच निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली तयार होतात. दोन राज्यांचे कर्मचारी त्याच्या दारी आले असतील आणि आपल्या राज्याचा हक्क कमी पडू नये म्हणून दोघांनीही नाव लिहून घेतले असेल. चूक लेखणीची; चौकटीत चित्र आले ते माणसाचे.

आता शेताकडे येऊ, कारण मातोश्रींचा प्रश्न शेताचा होता. या गावांची जी मागणी वर्षानुवर्षे कानावर येते, ती तिसऱ्या शिधापत्रिकेची नाही. कसत असलेल्या जमिनीचा पट्टा आपल्या नावाने मिळावा, ही ती मागणी आहे. महाराष्ट्रात जमिनीचा पुरावा म्हणजे सातबारा, तेलंगणात पट्टादार पासबुक. ज्याच्या हाती यांपैकी काहीच नाही, त्याला पीककर्ज मागताना, नुकसानभरपाई मागताना किंवा भावाभावांत वाटणी करताना दाखवायला कागद नसतो.

जमीन वनाची ठरली तर २००६ चा वनहक्क कायदा लागू होतो. त्या कायद्यात दोन प्रकारचे दावेदार आहेत. अनुसूचित जमातीच्या वननिवासीला एवढेच दाखवावे लागते की १३ डिसेंबर २००५ च्या पूर्वीपासून जमीन त्याच्या कब्जात होती. इतर पारंपरिक वननिवासीला मात्र त्या तारखेच्या मागे तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, आपला वास तिथे होता हे सिद्ध करावे लागते. म्हणजे १९३० पर्यंत मागे जावे लागते. आता परमडोली तांडा हे नाव वाचावे. तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती. तेलंगणात बंजारा, म्हणजे तिकडच्या यादीतले लंबाडा, ही अनुसूचित जमात आहे. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत मोडतो, अनुसूचित जमातींत नाही. राज्यघटनेच्या ३४२ व्या अनुच्छेदाप्रमाणे जमातींची यादी राज्यागणिक वेगळी असते, आणि वनहक्क कायदाही जमात जिथे जमात म्हणून जाहीर झाली आहे तिथेच तिला तो हक्क देतो. तेव्हा तेच कुटुंब, तेच शेत, तीच नांगरट, आणि कायदाही तोच. पण सीमा बांधाच्या अलीकडे धरली तर पुरावा १९३० चा हवा, पलीकडे धरली तर २००५ चा पुरे. मराठवाड्यातून नंतर आलेल्या माणसाने १९३० चा पुरावा कुठून आणावा?

यालाच आम्ही खरी विचित्र गोष्ट म्हणतो. स्वयंपाकघर कोणत्या राज्यात आहे यापेक्षा ती कितीतरी अधिक विचित्र आहे. संसद, राज्यघटना, दोन राज्ये, दोन जाती-याद्या आणि एक शेताचा बांध, एवढी सामग्री कोणत्या विनोदी लेखकाला मिळाली असती? तरीही चौकटीने ती घेतली नाही. तिने स्वयंपाकघर घेतले.

इथे कोणी म्हणेल की सीमेवरची घरे जगात इतरत्रही आहेत आणि तिथे लोक आनंदाने राहतात. खरे आहे, आणि त्या उदाहरणानेच आमचे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्यामध्ये बार्ले नावाचे एक गाव आहे. तिथे दोन देशांचे तुकडे एकमेकांत असे गुंतले आहेत की सीमा दुकानांतून आणि घरांतून जाते. पण दोन्ही देशांनी एक साधा संकेत मानला आहे: घराचे पुढचे दार ज्या देशात, त्या देशाचे ते घर. सोयीसाठी कोणी पुढचे दारच थोडे सरकवून घेतल्याच्या गोष्टी तिथे सांगतात. २०२० साली साथ आली, तेव्हा तिथल्या एका दुकानाचा बेल्जियममधला अर्धा भाग बंद आणि नेदरलँड्समधला अर्धा उघडा राहिला. हे सारे हसण्यासारखेच आहे, कारण रेघ वाकडी असली तरी ती कुठे आहे याविषयी वाद नाही, आणि दाराचा नियम सर्वांना ठाऊक आहे.

दुसरे उदाहरण आपल्याच देशाच्या पूर्व सीमेवरचे. कूचबिहारच्या भागात भारत आणि बांगलादेश यांचे एकशे बासष्ट तुकडे एकमेकांच्या भूमीत अडकून पडले होते. एकशे अकरा आपले, एक्कावन्न त्यांचे. कूचबिहारच्या राजाने आणि रंगपूरच्या फौजदाराने बुद्धिबळाच्या डावावर गावे पणाला लावली, त्यातून हे तुकडे झाले, अशी दंतकथा आहे. आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी ती कित्येक वर्षे आवडीने छापली. त्या तुकड्यांत सुमारे पन्नास हजार माणसे राहत होती. त्यांना आपल्या देशाची शाळा नव्हती, दवाखाना नव्हता, फिर्याद नोंदवायला ठाणे नव्हते. करार १९७४ साली झाला आणि तुकड्यांची अदलाबदल २०१५ च्या ३१ जुलैच्या मध्यरात्री झाली, तीही राज्यघटनेची शंभरावी दुरुस्ती केल्यावर. मधली एक्केचाळीस वर्षे बुद्धिबळाची गोष्ट मात्र सर्वांना पाठ होती.

आदिलाबादच्या सीमेवरचे घर बार्लेच्या पंक्तीला बसवण्यात आले. त्याची जागा कूचबिहारच्या पंक्तीला आहे.

मग या वाङ्मयप्रकाराचे दोष कोणते? आम्हांला तीन दिसतात. पहिला असा की जिथे गोष्ट सुरू व्हायची तिथे चौकट संपते. चार खोल्या इकडे, चार तिकडे, हा प्रवेश झाला. नाटक पुढे आहे. दुसरा असा की हास्याचा विषय चुकतो. विकृती नियमात असते आणि कॅमेरा लागतो माणसावर. घरातल्या गृहिणीला चुलीपाशी उभे करून विचारायचे की आपण सध्या कोणत्या राज्यात आहात, आणि ती लाजून हसली की तेवढेच दाखवायचे, हे भरतमुनींच्या वाटणीत स्मितात बसणार नाही. ते उपहसित झाले. तिसरा दोष सर्वांत मोठा. चौकटीला पुढचा भाग नसतो. अग्रलेखाचा विषय दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, खून-दरोड्याच्या बातमीला निकालापर्यंत मागोवा असतो. गमतीचे पुढे काय झाले हे कोणी विचारीत नाही. तीच गंमत दोन वर्षांनी नवी म्हणून पुन्हा येते.

चौकटीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर ही समीक्षा एकतर्फी होईल. ती नसती तर परमडोलीचे नाव आम्हांला आणि आमच्या वाचकांना कधी कळले नसते. गंभीर पानांवर ही गावे क्वचित येतात. स्वयंपाकघराच्या गमतीने ती देशभर पोहोचली. दार उघडण्याचे काम चौकट उत्तम करते, आणि मराठीत दाराच्या लाकडी कडेलाही चौकटच म्हणतात. आमचे गाऱ्हाणे एवढेच की वाचक चौकटीतच उभा राहतो, घरात जात नाही.

उंबरठ्यावर उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला परक्याने शिकवायला नको. हिरण्यकशिपूने वर मागितला की मरण घरात नको आणि घराबाहेर नको. नृसिंहाने त्याला उंबरठ्यावर घेतले. आम्हां वकिलांना ती कथा म्हणजे मसुद्यात राहिलेल्या पळवाटेचा आद्य दाखला वाटते. पण तिथे उंबरठा प्रल्हादाला तारण्यासाठी उपयोगी पडला. ज्याला त्या उंबरठ्यावरच जन्म काढावा लागतो, त्याची कथा वेगळी. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा नदीपलीकडे, पोर्तुगीज अमलाबाहेर न्यावी लागली, आणि देव एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात अशी स्थिती आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगली. त्या काळी कोणी चौकट छापली असती तर देवाची होडी निघाली याची गंमत तिच्यात आली असती. मागे राहिलेल्या मळ्यांचे आणि घरांचे काय झाले, ते आले नसते.

२०२५ च्या जुलैत महाराष्ट्राच्या महसूलमंत्र्यांनी ही चौदा गावे पूर्णपणे महाराष्ट्रात समाविष्ट करण्याची प्रक्रिया सुरू करीत असल्याची घोषणा केली. तीही वृत्तपत्रांत आली आणि अनेकांनी तिच्यासोबत जुनी गंमत पुन्हा छापली. ही घोषणा फळास येवो अशी आमची इच्छा आहे. मात्र वकिलाच्या सवयीने दोन गोष्टी नमूद करतो. राज्याची सीमा बदलायची झाली तर तो अधिकार राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला दिला आहे. दोन राज्यांत वाद झाला तर १३१ व्या अनुच्छेदाप्रमाणे तो सर्वोच्च न्यायालयापुढे जातो. आणि १९५६ च्याच कायद्यातील शब्दांची जमिनीवर रेघ आखायची असेल, तर मोजणीची साखळी घेऊन दोन्ही राज्यांच्या भूमापकांनी एकत्र डोंगर चढला पाहिजे. यांपैकी काहीही झाले तरी पट्टा आपोआप मिळत नाही. गाव कोणत्या राज्यात आहे हे ठरल्यावरही शेत कोणाचे, हा प्रश्न उरतोच. आणि तांड्यावरच्या कुटुंबाला तर गाव महाराष्ट्रात ठरल्यावर तो अधिक अवघड होण्याची शक्यता आहे. याचा विचार घोषणेबरोबरच झाला पाहिजे.

चौकट वाचण्याचे आमचे व्यसन सुटलेले नाही, सुटावे अशी इच्छाही नाही. वहीत मात्र एक फरक केला आहे. प्रत्येक कात्रणाखाली चार ओळींची जागा कोरी ठेवतो आणि तिच्यात बातमीने न विचारलेला एक प्रश्न लिहून ठेवतो. पुढे उत्तर सापडले तर तेही लिहितो. वाचकांनीही असे करून पाहावे. पुष्कळ कात्रणांखाली विचारण्यासारखा प्रश्न निघत नाही. उधळलेल्या घोडीला कोणता प्रश्न विचारणार? त्या कात्रणांवर निर्धास्तपणे हसावे. काहींखाली मात्र प्रश्न लिहावाच लागतो.

२०२२ च्या डिसेंबरातल्या त्या कात्रणाखाली मातोश्रींचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहिला आहे. त्याखालच्या तीन ओळी अद्याप कोऱ्या आहेत.